संगणकातला संगणक

(माहिती अधिकारी व तांत्रिक साहाय्यक यांच्या उजळणी वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘कंटेनर चालविण्यासाठी स्वतःचे आभासी यंत्र कसे उभारावे’ या विषयावर बोलावे, असे या वर्गाच्या संयोजकांनी मला सुचविले, तेव्हा मी त्यांना प्रथम माझी अपात्रता सांगितली. मी कलाशाखेचा पदवीधर. इतिहास आणि मराठी वाङ्मय हे माझे विषय. नोकरीची पहिली कित्येक वर्षे संगणकाशी माझा संबंध प्रसिद्धिपत्रक टंकलिखित करून धाडण्यापुरताच होता. संयोजक म्हणाले, “तुमच्या हातून जे नुकसान झाले आणि नंतर तुम्ही जे उभे केले, तेवढेच सांगा.” तेव्हा तेवढेच सांगतो.

मी पूर्वी ज्या कार्यालयात होतो, तेथील एका कपाटात १९७२-७३ च्या दुष्काळातील प्रसिद्धिपत्रके होती. कोणत्या गावी कोणते काम निघाले, किती मजूर हजर होते, धान्याची गाडी कोठवर पोहोचली, असा रोजचा तपशील त्यांत होता. बरीचशी चक्रमुद्रित, कागद पिवळे, कडा झडलेल्या. ती संगणकात उतरवून शोधण्याजोगी करावी, असे आम्ही ठरविले. छापील अक्षर ओळखणारी ‘टेसरॅक्ट’ नावाची मुक्त प्रणाली आहे आणि तिला मराठी येते. तिच्या आधारे पीडीएफमध्ये शोधता येईल असा मजकूर भरणारी ‘ओसीआरमायपीडीएफ’ ही दुसरी प्रणाली आहे. या दोहोंची एकत्र बांधलेली कंटेनर प्रतिमा तयार मिळते. चक्रमुद्रित मराठी वाचताना यंत्र पावलोपावली अडखळते. म्हणून यंत्राने काढलेला मजकूर पडद्यावर मूळ पानाशेजारी ठेवून माणसांनी दुरुस्त करावा, यासाठी आणखी एक लहानशी प्रणाली आम्ही दुसऱ्या कंटेनरमध्ये चालविली.

दुरुस्तीला तिघे बसत. त्यांपैकी एक आमच्याच कार्यालयातून निवृत्त झालेले टंकलेखक. त्यांतली कित्येक पत्रके त्यांनी उमेदवारीच्या काळात स्वतः टंकलिखित केलेली. जेथे शाई पुसली होती तेथे गावाचे नाव ते आठवणीने सांगत. कोणत्या तलावाच्या कामावर कोणता मुकादम होता हेही सांगत. असे एकोणीस दिवस काम झाले. विसाव्या दिवशी दुरुस्तीच्या प्रणालीची नवी आवृत्ती आली म्हणून मी जुना कंटेनर थांबविला, काढून टाकला आणि नव्या प्रतिमेवरून नवा सुरू केला. पडदा उघडला तो कोरा होता. एकोणीस दिवसांचा मजकूर गेला.

हे का झाले, हे समजून घेण्यात माझे दोन महिने गेले. आजचे माझे सारे भाषण त्या दोन महिन्यांतले आहे.

कंटेनर हा शब्द गोदीतून आला. उरणच्या रस्त्याने ज्यांनी प्रवास केला असेल त्यांनी न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या पेट्यांच्या रांगा पाहिल्या असतील. माल एकाच मापाच्या पेटीत भरून जहाजावर चढविण्याची रीत अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी रूढ केली. २६ एप्रिल १९५६ रोजी त्यांचे जहाज अठ्ठावन्न पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. पेटीत काय आहे याच्याशी क्रेनला कर्तव्य नाही. माप ठरलेले असले की पुरे. संगणकाच्या क्षेत्रात हीच कल्पना मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी ‘डॉकर’ या नावाने लोकांपुढे मांडली. इंग्रजीत डॉकर म्हणजे गोदी कामगार. पेट्या आल्या आणि मुंबईच्या गोदीतल्या ज्यांच्या पाठीवरचे पोते उतरले त्यांचा रोजगारही उतरला, हे येथे मनात येतेच; परंतु तो आजचा विषय नव्हे.

एखाद्या प्रणालीला जे जे लागते, म्हणजे तिच्या साहाय्यक फायली, तिची मांडणी, तिची भाषा, ते सारे एका प्रतिमेत बांधावयाचे आणि त्या प्रतिमेवरून कंटेनर चालवावयाचा. पण पेटीची उपमा एका ठिकाणी फसते. मालाची पेटी कोणत्याही जहाजावर चढते. आपला कंटेनर मात्र लिनक्सच्याच जहाजावर चढतो. कारण त्याच्यापाशी स्वतःचा कर्नल, म्हणजे यंत्राशी प्रत्यक्ष बोलणारा कार्यप्रणालीचा गाभा, नसतो. तो यजमानाचा गाभा वापरतो. चाळीतल्या खोल्यांना स्वतंत्र दारे आणि स्वतंत्र संसार असतात, पण पाण्याची टाकी एकच असते, तसा हा प्रकार. आभासी यंत्र म्हणजे स्वतःची विहीर असलेला बंगला. त्यात गाभ्यासकट सारी कार्यप्रणाली निराळी असते. ही दुसरी कल्पना फार जुनी आहे. आयबीएमने आपली व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्येच जाहीर केली होती. आमची पत्रके चक्रमुद्रणावर चढत होती ते वर्ष.

आता आपल्या टेबलावरचा संगणक विंडोजचा असतो. त्यावर लिनक्सचा कंटेनर चालतो कसा? उत्तर असे की तेथे कोणीतरी लिनक्सचे आभासी यंत्र गुपचूप बसवून दिलेले असते. ‘डॉकर डेस्कटॉप’ हेच करतो. बसविणाऱ्याला ती मोठी सोय वाटते, मलाही वाटली. परंतु माझा मजकूर कोठे लिहिला जातो आहे, हा प्रश्न मी कधी विचारलाच नाही. कारण मधले यंत्र आहे हेच मला ठाऊक नव्हते.

आणखी एक गोष्ट शासकीय कार्यालयांनी ध्यानात ठेवावी. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी डॉकर डेस्कटॉपच्या परवान्याच्या अटी बदलल्या. २५० हून अधिक कर्मचारी किंवा वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या संस्थांना सशुल्क वर्गणी आवश्यक ठरली आणि शासकीय संस्थाही त्याच कक्षेत आल्या. सवलतीची मुदत ३१ जानेवारी २०२२ रोजी संपली. म्हणजे आपले कार्यालय चार माणसांचे असले तरी ते फुकट वापरता येत नाही. त्याच्या पोटात चालणारे डॉकरचे मूळ इंजिन मात्र मुक्त परवान्याचे आहे. ते लिनक्सवर थेट बसविता येते. तेव्हा वर्गणी भरा, अथवा लिनक्सचे यंत्र स्वतः उभारा. मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्येच दिलेला लिनक्सचा उपविभाग हा तिसरा मार्ग आहे आणि शिकाऊ माणसाला तो पुरेसाही आहे. मी दुसरा मार्ग घेतला, कारण स्मृती किती, डिस्क कोणती, दारे किती, हे मला स्वतःला ठरवावयाचे होते. एकदा हात पोळलेला माणूस चूल स्वतःच मांडतो.

उभारणीपूर्वी एक तपासणी करावी. विंडोजच्या ‘टास्क मॅनेजर’मध्ये प्रोसेसरच्या पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन’ या शब्दापुढे ते चालू असल्याची नोंद हवी. नसेल तर संगणक सुरू होतानाच्या बायॉसच्या पडद्यावर ते चालू करावे लागते. आमच्या तीन संगणकांपैकी एकावर ते बंद होते आणि तो संगणक जुना आहे, असा निष्कारण शेरा मी त्याच्यावर मारला होता.

आभासी यंत्रासाठी मी ‘व्हर्च्युअलबॉक्स’ घेतले. त्याचा मूळ भाग मुक्त परवान्याचा आहे. पण त्याच्यासोबत मिळणारा ‘एक्स्टेन्शन पॅक’ निराळ्या परवान्याखाली येतो व तो केवळ वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य आहे. आपल्या कामाला तो लागत नाही. कार्यालयात तो बसवू नये. यंत्र चालू असताना खिडकीच्या तळाशी हिरव्या कासवाचे चित्र दिसले तर समजावे की विंडोजची स्वतःची हायपर-व्ही ही व्यवस्था मध्ये आली आहे आणि काम संथ होणार. चित्र काढणाऱ्याला विनोदबुद्धी होती.

आमच्या संगणकात सोळा जीबी स्मृती आणि चार गाभ्यांचा प्रोसेसर होता. आभासी यंत्राला मी सहा जीबी आणि दोन गाभे दिले. सारे देऊन टाकण्याचा मोह होतो; पण यजमान उपाशी राहिला तर पाहुणाही जेवत नाही. त्यात डेबियन ही लिनक्सची आवृत्ती बसविली. बसविताना काय काय हवे याची यादी समोर येते. तेथे चित्रमय पडद्याच्या सर्व खुणा काढून टाकल्या आणि दुरून प्रवेश करण्याची एसएसएच सेवा व नित्याची साधने एवढेच ठेवले. या यंत्राकडे कोणी बसून पाहणार नाही. त्याला खिडक्या आणि सजावट कशाला?

डिस्कच्या बाबतीत मात्र मी सावकाश गेलो, कारण माझे नुकसान तेथेच झाले होते. कंटेनर चालू असताना तो जे लिहितो ते, आपण निराळी व्यवस्था केली नाही तर, त्याच्या स्वतःच्या वरच्या थरात लिहिले जाते. कंटेनर थांबविला तर तो थर राहतो. कंटेनर काढून टाकला की थरही जातो. प्रतिमा जशीच्या तशी असते, म्हणून नवा कंटेनर झटक्यात उभा राहतो. तो नवजात असतो आणि त्याला मागचे काही आठवत नाही. हा दोष नव्हे, ही त्याची रचनाच आहे. दुरुस्तीचा मजकूर ज्या फायलीत होता ती फाईल मी त्या थरात राहू दिली होती.

म्हणून नव्या यंत्राला मी दोन डिस्का दिल्या. पहिली चाळीस जीबींची. तीवर कार्यप्रणाली, डॉकर आणि प्रतिमा. ती जळाली तरी चिंता नाही. सारे पुन्हा मिळते. दुसरी केवळ मजकुरासाठी. ती यंत्रात एका ठरलेल्या जागी जोडली आणि प्रत्येक कंटेनरला त्या जागेतला एकेक कप्पा दाखवून दिला. आता कंटेनर दिवसातून दहा वेळा काढला तरी कप्पा जागेवर असतो.

येथे एक खाच आहे आणि ती मला नंतर कळली. एखाद्या दिवशी दुसरी डिस्क जोडलीच गेली नाही, तर तिची जागा रिकाम्या फोल्डरच्या रूपाने पहिल्या डिस्कवर तशीच दिसते. आणि दाखविलेला कप्पा सापडला नाही तर डॉकर बहुधा मुकाट्याने नवा तयार करतो. काम बिनतक्रार सुरू होते, पण चुकीच्या डिस्कवर. म्हणून दुसरी डिस्क जोडल्याखेरीज डॉकरची सेवा सुरूच होऊ नये, अशी अट मी यंत्राच्या मांडणीत लिहिली आहे. ही अट लिहावयास दोन ओळी लागतात. विसरू नये.

विंडोजमधला एखादा फोल्डर आभासी यंत्राशी वाटून घेण्याची सोय व्हर्च्युअलबॉक्समध्ये आहे. स्कॅन केलेली पाने त्या वाटेने आत देण्यास हरकत नाही. परंतु माहितीकोशाची चालू फाईल तेथे ठेवू नये. लिनक्सची मालकी आणि कुलपे त्या वाटेवर नीट पाळली जात नाहीत.

डॉकर बसविल्यावर ते चालविण्याचा अधिकार आपल्या खात्याला द्यावा, असे बहुतेक मार्गदर्शिकांत असते. तो दिला की ते खाते त्या यंत्राचे सर्वाधिकारी झाले असे समजावे. कारण डॉकर चालविणारा कंटेनरच्या वाटेने यंत्राच्या कोणत्याही फायलीपर्यंत पोहोचू शकतो. आमच्याकडे तो अधिकार दोघांनाच आहे. दुरुस्ती करणाऱ्यांना त्याची गरज नाही. त्यांना ब्राउझर पुरतो.

ब्राउझर आत पोहोचावा म्हणून दार उघडावे लागते. आभासी यंत्राला कार्यालयाच्या जाळ्यावर स्वतंत्र पत्ता देता येतो, पण त्यासाठी जाळे सांभाळणाऱ्याची अनुमती हवी. मी त्याऐवजी यंत्र यजमानाच्या आडोशाला ठेवून एकच पोर्ट पुढे काढले. ते पुढे काढताना यजमानाच्या पत्त्याची चौकट रिकामी सोडली तर ते दार संगणकाच्या साऱ्या जाळ्यांवर उघडते. केवळ त्याच संगणकासाठी हवे असेल तर तेथे १२७.०.०.१ हा स्वतःचा पत्ता लिहावा. लिनक्सच्या आत ‘यूएफडब्ल्यू’ची भिंत उभारली म्हणून निर्धास्त राहू नये. डॉकर आपल्या पोर्टांसाठी स्वतंत्र नियम लिहितो आणि त्या भिंतीला वळसा घालून जातो. भिंत आहे म्हणून आपण झोपावे आणि बाजूचे दार सताड उघडे असावे, असे घडू शकते.

आता आपल्या भाषेपुरत्या दोन अडचणी. दुरुस्त मजकुराची पीडीएफ करण्यासाठी आम्ही लिबरऑफिस एका कंटेनरमध्ये बसविले. पहिली पीडीएफ निघाली तीत आकडे आणि विरामचिन्हे ठीक होती आणि जेथे मराठी हवे तेथे ओळीने चौकोन उभे होते. मजकूर बिघडला असे समजून मी पुन्हा घाबरलो. प्रत्यक्षात मजकूर शाबूत होता. प्रतिमा लहान राहावी म्हणून तिच्यात टंक फारसे ठेवलेले नसतात आणि देवनागरीचा तर नव्हताच. आभासी यंत्रात टंक बसवूनही चौकोन गेले नाहीत, कारण कंटेनर यजमानाचा गाभा वापरतो, यजमानाचे कपाट नव्हे. प्रतिमा बांधण्याच्या कृतीतच देवनागरी टंकांची ओळ घातली तेव्हा अक्षरे उमटली. अक्षरओळखीच्या बाबतीतही तेच. मराठीची माहिती देणारी फाईल प्रतिमेत नसेल तर टेसरॅक्ट मराठी पान वाचण्यास नकार देतो, किंवा ते इंग्रजी समजून वाचतो आणि जे देतो ते वाचवत नाही.

दुसरी अडचण वेळेची. वेगळे काही सांगितले नाही तर कंटेनरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालते, म्हणजे आपल्यामागे साडेपाच तास. दिवसभर कोणाला काही जाणवत नाही. परंतु मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळात तयार झालेल्या कागदावर आदल्या दिवसाची तारीख पडते. आपल्यापैकी ज्यांनी मतमोजणीच्या रात्री प्रसिद्धिपत्रके काढली आहेत त्यांना या साडेपाच तासांचे मोल मी सांगावयास नको. ‘एशिया/कोलकाता’ हा वेळविभाग प्रत्येक कंटेनरला स्पष्ट सांगावा आणि तो त्याला समजला आहे की नाही, हे आतली वेळ विचारून पाहावे.

प्रतिमा घेताना ‘लेटेस्ट’ या चिठ्ठीवर विसंबू नये. आज त्या नावाने जे मिळते तेच सहा महिन्यांनी मिळेल असे नाही. आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवावा. आमच्या यंत्राची सारी कृती, म्हणजे स्मृती, डिस्का, पोर्ट, प्रतिमांचे क्रमांक, टंकांची ओळ, एका वहीत आणि एका फायलीत अशी दोन ठिकाणी आहे. माझी बदली झाली तेव्हा कार्यभार सोपविताना मी ती वही यादीत क्रमांक घालून दिली.

राखीव प्रतीविषयी थोडे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यंत्राचा ‘स्नॅपशॉट’ घेता येतो. काही बदल करण्यापूर्वी तो घ्यावा. मागे फिरण्यास उपयोगी पडतो. पण तो त्याच संगणकावर, मूळ डिस्कच्याच आधाराने जगतो. संगणक गेला की दोन्ही जातात. आमच्याकडे रोज सायंकाळी दुरुस्तीचा कंटेनर थांबवून दुसऱ्या डिस्कवरील मजकुराची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली जाई. लिहिणे चालू असताना माहितीकोशाच्या फाईलची प्रत घेतली तर ती अर्धवट निघू शकते, म्हणून आधी थांबविणे. शुक्रवारी ती डिस्क दुसऱ्या इमारतीत जाई. आणि महिन्यातून एकदा बायॉसमध्ये रुसलेल्या त्याच तिसऱ्या संगणकावर वहीवरून कोरे यंत्र उभारून बाहेरच्या प्रतीवरून मजकूर परत आणावयाचा आणि कोणतेही एक पत्रक उघडून पाहावयाचे. पहिल्या खेपेस या कामाला पूर्ण दिवस लागला. वहीत पाच पायऱ्या सुटल्या होत्या. चौथ्या खेपेस जेवणाच्या सुटीपूर्वी आटोपले.

गेलेल्या एकोणीस दिवसांविषयी विचारले जाते म्हणून सांगतो. निवृत्त टंकलेखकांना जाऊन मी घडले ते सांगितले. ते म्हणाले, “साहेब, आमच्या वेळी स्टेन्सिल फाटली की सगळे पान पुन्हा मारावे लागे.” ते पुन्हा आले. अकरा दिवस बसले. नंतर त्यांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि येणे थांबले. उरलेली पत्रके इतरांनी दुरुस्त केली. त्यांत बासष्ट ठिकाणी गावाच्या नावापुढे आम्ही प्रश्नचिन्ह ठेवले आहे. त्यांतली काही नावे पहिल्या खेपेस त्यांनी सांगितली होती. मूळ कागद कपाटात आहेत. त्या भागातील कोणी जुने तलाठी, ग्रामसेवक वा मुकादम आपल्या परिचयाचे असतील तर या वर्गानंतर मला भेटावे. बासष्ट नोंदींची यादी मी सोबत आणली आहे.